बाराव्या खांबापुढचा सांधा

पूल इथे संपत नाही, पण गर्डर संपतो.
खांबावरून पुढे हात काढावा तसा तीन मीटर येतो
आणि हवेतच थांबतो.
टोकाला दोन्ही अंगांनी एकेक पोलादी पट्टी,
वर एक पिन, खाली एक पिन,
आणि खालच्या पिनेला लटकलेला
पुढचा अख्खा गाळा:
डांबर, कठडे, सित्र्याच्या टाक्यांकडे जाणारे टँकर.

नव्या हेल्परला, मोतालिबला, हे सांगितलं
तेव्हा तो आधी खाली पाण्याकडे बघतो.
बरोबर आहे. मीही बघितलं होतं.

लटकवायचं कशाला?
तर जूनमध्ये हे लोखंड दुपारी हाताला चटका देतं,
पहाटे निवतं. बोटभर वाढतं, बोटभर आखडतं.
पट्टीनं झोपाळ्याच्या कडीसारखं
थोडं पुढे, थोडं मागे व्हायचं.
वजन धरायचं आणि अडवायचं नाही.

वरच्या फटीतून मात्र सगळं ठिबकतं.
डिझेल, धुण्याचं पाणी, शमालनं आणलेली धूळ,
आणि मीठ, ते तर इथे श्वासातच असतं.
पट्टी आणि गर्डर यांच्यामध्ये गंज
भिजलेल्या वहीसारखा फुगतो,
पट्टीला केसाकेसानं बाहेर ढकलतो
किंवा पिनेला आवळून धरतो.
मग पट्टी फिरत नाही, वाकते.
रोज दुपारी वाकते, रोज पहाटे सरळ होते,
आणि भोकाच्या कडेला, नजर पोचत नाही तिथे,
एक चीर वाढीला लागते.
गर्डर दोनच. एक सुटला तर दुसऱ्यानं सांभाळावं
असं या जुन्या नकाशात कुणी लिहिलेलं नाही.

गेल्या वर्षीचा अहवाल म्हणतो:
हालचाल नाही. आवाज नाही. समाधानकारक.
सही माझीच.

हाजी खमीस पुलाखाली हदरा लावतो,
मासे कोंडायचं ते उथळ पाण्यातलं कुंपण.
होडी खांबाला बांधून म्हणाला,
अर्धं अरबी, अर्धं बाजारातलं हिंदी:
हा पूल दुपारच्या बांगेच्या सुमाराला ओरडायचा.
दोन उन्हाळे झाले, गप्प आहे.
तेल घातलंत का?

आम्ही तेल घातलं नव्हतं.

देवबागचा बाबलमामा आठवला,
सुकाणूच्या बिजागरीला कान लावून बसलेला.
'कुरकुरता तोवर जिता आसा.
गप रवला, की बघ तेका.'
मी तेव्हा डिप्लोमाला होतो, हसलो होतो.

रात्री एक वाजता क्रेनच्या बादलीतून वर.
झाकण काढलं, पिनेचं तोंड घासलं.
बशीएवढं तोंड तेवढं दिसतं, अंग सगळं आत.
जेल लावून प्रोब टेकवला.
आवाज आत जातो, पलीकडच्या टोकाला आपटून परततो,
एकशे ऐंशी मिलिमीटरवरून.
माझा बेचाळिसावरूनच परतला.
झीज असेल, चीर असेल; पडदा तेवढं सांगत नाही.
प्रोब उचलला, पुसला, पुन्हा टेकवला.
बेचाळीस.
मोतालिब म्हणाला, 'मशीन जुनं असेल.'

ससीधरन साहेबांनी फोनवर विचारलं,
सकाळपर्यंत थांबता येईल का.
पाचला टँकर सुरू होतात.
नाही म्हणालो. मग, कुणी विचारलं नसताना,
गेल्या वर्षीच्या सहीचंही सांगितलं.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

खाली आडवी तुळई घातली, सुटलंच तर झेलायला.
पिन काढायला तीन रात्री, जॅक, गॅसची ज्योत.
निघाली तेव्हा कमरेला खाच होती
आणि खाचेत नख अडकेल अशी काळी रेघ.
मोतालिबनं तिच्यावरून अंगठा फिरवला
आणि पँटला पुसला.

नव्या पिना बसल्यावरच्या शुक्रवारी
ऊन डोक्यावर आलं तसा वरून एक लांब कर्र आवाज आला,
थांबला, पुन्हा आला.
हाजी खमीस होडीत उभा राहून वर शिव्या घालत होता:
एवढ्या आवाजात मासा यायचा कसा!